मागच्या दाराची दोरी

"दोरी नही लावनार. बाकी म्हनाल ते लावतो," हारुन मिस्त्रीनं सांगितलं आणि पटाशी खाली ठेवली. त्याच्या मते विषय संपला होता.

समोर बसलेल्या झिपरूच्या मते तो आत्ताच सुरू झाला होता. झिपरू म्हणजे भाईदासशेठच्या सर्व्हिस मोटारीचा जुना कंडक्टर. मोटार मोडीत निघून तीन वर्षं झाली, तरी त्याच्या खाकी सदऱ्याच्या खिशाला तिकिटांच्या पुस्तकाचा आकार तसाच होता. दोघांच्या मधे, लाकडाच्या भुशात, तीच मोटार उभी होती. फक्त आता ती एक हात लांब होती, सागवानी होती आणि तिला रंग लागायचा होता.

यावल ते भुसावळ स्टेशन अशी ती मोटार धावायची. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, परदेशची, इंजिन परदेशचं, आणि वरचं सगळं अंग यावलचं. सदतीस साली भाईदासशेठनं नुसतीच चासी आणली आणि त्या वेळी पंचविशीत असलेल्या हारुननं तिच्यावर सागवानाची बॉडी चढवली. खिडक्यांना काचा नव्हत्या, ताडपत्रीचे पडदे होते. टपावर केळीचे घड, आत माणसं, आणि टपावर जे मावलं नाही ते माणसांच्या मांडीवर. सुटायची वेळ आठची, पण ती सुटायची भरल्यावर. वाटेत कोणी शेतातून हात केला की थांबायची, आणि त्याची भाकर खाऊन व्हायची असली तर तेवढंही थांबायची. पुढं एस.टी. आली, ती वेळेवर सुटायला लागली आणि माणसं मागं राहायला लागली. तसे दिवस पुन्हा आले नाहीत, आणि हे कबूल करायला लाज कशाची?

त्या मोटारीत खोट एकच होती. मागचं दार लागत नसे. म्हणजे लागायचं, पण पहिल्या खड्ड्याला आपोआप उघडायचं. म्हणून झिपरू ते सुतळीनं बांधायचा. माणूस चढला की सोड, चढून झाला की बांध. पंधरा वर्षं मोटार अशी चालली, आणि मोटारीची बदनामी न होता मिस्त्रीची झाली. यावलमध्ये त्याला 'दोरीवाला मिस्त्री' म्हणायला लागले ते कायमचं. नंतर त्यानं कपाटं केली, पाळणे केले, देवळाचं दार केलं. सगळी मापात बसली. तरी गिऱ्हाईक वस्तू उचलताना हसून विचारायचंच, "मिस्त्री, दोरी संगं देता का घरची आनू?" अठरा वर्षांत हा विनोद एकदाही कोणाला शिळा वाटला नाही.

साऱ्या यावलमध्ये एकच माणूस हा विनोद करत नसे, तो म्हणजे मोटारीचा ड्रायव्हर चुडामणभाऊ. कोणी दोरीवरून बोललं की तो विषय बदलायचा. एकदा तर त्यानं मिस्त्रीची टिंगल करणाऱ्या एका व्यापाऱ्याला भर उन्हात मधेच उतरवलं होतं. हारुनला ही गोष्ट कळली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एवढी माया सख्खा भाऊ करत नाही, असं तो घरी बायकोला, रईसाला, म्हणाला होता.

तो चुडामणभाऊ आता कायमचा धुळ्याला निघाला होता. मुलगा तिथं गिरणीत होता आणि बापानं एकट्यानं चूल फुंकत बसणं त्याला बरं वाटत नव्हतं. जाताना भाऊला काहीतरी द्यावं असं झिपरूनं काढलं, आणि मोटारीचीच छोटी प्रतिकृती करून द्यायची ठरली. हारुन पैशाचं नावसुद्धा न काढता तयार झाला. यात त्याचा एक स्वार्थ होता, आणि तो त्यानं रईसालाही सांगितला नव्हता. मोठी मोटार त्याच्या नावाला डाग लावून मोडीत गेली होती. निदान या छोट्या मोटारीचं दार तरी लागणार होतं, आणि ते सगळ्या यावलसमोर लागणार होतं.

मोठी मोटार बारा हात होती. म्हणून त्यानं हाताला दोन बोटं असं माप धरलं, की चोवीस बोटांची, म्हणजे बरोबर एक हाताची मोटार झाली. इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग प्रश्न आला खिडक्यांचा. एका बाजूला चार होत्या की पाच? हारुनला पाच आठवत होत्या, झिपरूला चार. तेव्हा झिपरू बाजारात जाऊन चार लोकांना विचारून आला, आणि तिथंच घात झाला. दुसऱ्या दिवसापासून जो कोणी त्या मोटारीत एकदा तरी बसला होता, तो मिस्त्रीच्या दुकानाची पायरी चढू लागला.

सगळ्यांत आधी आली भिकुबाई. ती केळी विकायला रोज भुसावळला जायची. तिनं मोटार चारी बाजूंनी पाहिली आणि विचारलं, "खिया कोठी हाये?"

दाराजवळच्या फळीत एक खिळा वर आलेला होता म्हणे. त्यानं तिची तीन लुगडी फाडली होती. हारुननं समजावलं, की या मापात तो खिळा मुंगीच्या डोळ्याएवढा होईल. भिकुबाई म्हणाली की मुंगीचा डोळा तिला दिसत नाही, खिळा दिसला पाहिजे. शेवटी त्यानं खराखुरा दीड इंची खिळा ठोकला. छोट्या मोटारीत तो विजेच्या खांबाएवढा दिसू लागला, आणि भिकुबाई समाधानानं घरी गेली.

मग नथ्थू पाटील आले. पुढच्या सीटची गादी फाटून काथ्या बाहेर आलेला असायचा, तो त्यांना हवा होता. खुद्द भाईदासशेठ आले, त्यांना तिसऱ्या खिडकीखालचा पानाच्या पिचकारीचा लाल ओघळ हवा होता, कारण ती पिचकारी त्यांच्या दिवंगत सासऱ्यांची होती. शेठचा स्वर एवढा भरून आला की हारुननं तिथल्या तिथं काव कालवून ओघळ काढला. वाकडं मडगार्ड झालं, दबलेला भोंगा झाला, एका बाजूला कललेला टप झाला. सागवानाची, सांध्यांची, रंध्याच्या हाताची आठवण एकालाही नव्हती. मोटार मोडकी होती तेवढीच सगळ्यांच्या काळजात राहिली होती. हारुननं हे सगळं सोसलं. फक्त जाता जाता प्रत्येक जण विचारायचा, "आन् दोरी?" तिथं मात्र तो मान हलवायचा.

सगळ्यांत जास्त लागलं ते झिपरूला. तो मूळचा शिंदखेड्याकडचा, मनात कालवाकालव झाली की आपल्या बोलीवर यायचा. "पाटीलनी गादी शे, भिकुबाईना खिळा शे, बठ्ठा शेतस. ती दोरी मी पंधरा वरीस बांधी. दोरी नही ते त्या मोटारमा मी कोठे शे?"

हारुनला वाईट वाटलं. पण तोही हट्टाला पेटला होता. एकाची आठवण ती दुसऱ्याची बदनामी होती, याला काय करणार?

निरोपाचा दिवस शनिवारचा ठरला. शुक्रवारी दुपारी हारुन नमाजला गेला आणि दुकानाकडे लक्ष ठेवायला झिपरूला सांगून गेला. झिपरूनं लक्ष ठेवलं ते दारावर. गिरमिट घेतलं, छोट्या दाराला दोन भोकं पाडली आणि सुतळी ओवून सुरेख गाठ मारली. पंधरा वर्षांची सवय होती, गाठ त्यानं आवळून ओढली. दार मधोमध चिरलं.

हारुन परत आला तेव्हा झिपरू दाराचे दोन तुकडे दोन हातांत धरून बसला होता. रागावण्याएवढाही वेळ नव्हता. असं मुरलेलं सागवान दुकानात दुसरं नव्हतं. सुतळी तेवढी खिशात घालून हारुन तसाच घरी गेला आणि पिठाच्या कोठीचं झाकण उचलून निघाला. ते झाकण चांगलं वीस वर्षांचं मुरलेलं होतं.

रईसा दारात आडवी झाली. "अब आटे को रस्सी बाँधूँ क्या?"

घरातल्या माणसाच्या तोंडी दोरी आज पहिल्यांदा आली होती. हारुन झाकण काखेत मारून दुकानात आला. संध्याकाळपर्यंत त्यानं नवं दार केलं. दार टक् असा आवाज करून बसायचं. त्यानं ते पन्नास वेळा उघडलं आणि पन्नास वेळा ते टक् करून बसलं. अठरा वर्षांत त्याला एवढी शांत झोप लागली नव्हती.

शनिवारी सकाळी भाईदासशेठच्या ओट्यावर सारी मंडळी जमली. चुडामणभाऊला फेटा बांधला, हार घातला. मोटारीवरचा रुमाल काढला आणि ती दिसली तसा भाऊ लहान मुलासारखा तिच्याभोवती फिरू लागला. काथ्या पाहिला, ओघळ पाहिला, भोंगा दाबून पाहिला. भिकुबाई मोटारीला कुंकू लावायला वाकली आणि तिच्या नव्या लुगड्याचा पदर खिळ्यात अडकून टर्र फाटला. तिनं फाटलेला पदर सगळ्यांना दाखवला. "पाहा, तोच खिया," ती म्हणाली, आणि डोळे पुसले तेही त्याच पदराला.

मग लोकांची नजर मागं गेली. दोरी नव्हती. कुजबुज सुरू झाली, ही काही आपली मोटार नाही. झिपरू मान खाली घालून उभा होता. हारुन पुढं झाला. "भाऊ, दार उघडा," तो म्हणाला, "आन् सोडून द्या."

चुडामणभाऊनं दार उघडलं, सोडलं. टक्. पुन्हा उघडलं. पुन्हा टक्. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं आणि तो ओट्यावर मटकन बसला.

"दार असंच व्हतं," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी असंच लागे. मिस्त्रीचा काही दोष नही. नारळ फुटला, तुम्ही सगळे पेढे खायले गेले, आन् मीनं मोटार मांगं घेतली. दार उघडं राहिलं व्हतं, ते कापसाच्या जिनच्या खांबाले ठोकलं. बिजागरी मीनं दगडानं सरळ केली. चौकट फिरली ती फिरलीच."

ज्या वाक्याची हारुननं अठरा वर्षं वाट पाहिली, ते भर सभेत, हार घातलेल्या माणसाच्या तोंडून बाहेर पडलं होतं. आता लोक काय म्हणतात याकडे त्यानं जिवाचा कान केला.

भाईदासशेठनं उपरण्यानं डोळे टिपले. "काय मन आहे या माणसाचं," ते म्हणाले. "जाता जाता मिस्त्रीची लाज राखली."

"शेठ, खरं सांगतो मी," चुडामणभाऊ म्हणाला.

"सांग बाबा, सांग," नथ्थू पाटील त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले.

चुडामणभाऊनं मनुदेवीची शपथ घेतली. दुसऱ्यासाठी हा माणूस खोटी शपथसुद्धा घेतो हे पाहून बायका हुंदके देऊ लागल्या. त्यानं खांबाचा पोपडा कुठं उडाला होता ते सांगितलं, तर किती विचार करून रचलंय म्हणून आणखी चार जण गहिवरले. तो जेवढं खरं सांगत गेला तेवढा मोठा होत गेला, आणि हारुन तेवढाच लहान. शेवटी कोणीतरी हारुनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं, की मिस्त्री, असा मित्र मिळायला नशीब लागतं.

एस.टी. अकराची होती. स्टँडवर पोचवायला हारुन एकटाच गेला. चुडामणभाऊ खिडकीशी बसला, मांडीवर मोटार, गळ्यात हार, आणि तोंड अगदी उतरलेलं.

"अठरा वर्षं, भाऊ?" हारुननं खालून विचारलं.

"पहिल्या दिवशी नोकरी जाईन म्हनून बोललो नही. दुसऱ्या दिवशी लाज वाटली. मंग दोरी आली, आन् मोटार दोरीचीच झाली. सांगाले जागाच राहिली नही."

हारुनला रागवायचं होतं. त्याचा तो हक्कच होता. पण गुन्हेगारानंच त्याची अठरा वर्षं वकिली केली होती, आणि त्या व्यापाऱ्याला भर उन्हात उतरवलं होतं तेही काही खोटं नव्हतं. शिवाय झिपरूचा कालचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. त्यानं खिशातून सुतळी काढली, खिडकीतून हात घातला आणि त्या छोट्या, टक् करून बसणाऱ्या दाराला दोरी बांधली. गाठ झिपरूसारखी काही जमली नाही.

"आता कायले, मिस्त्री? दार तर लागतं."

"असू द्या. धुळ्याले कोनी विचारलं, दोरी कायची, तर सांगा."

"काय सांगू?"

"खरं ते सांगा. तिथं तुमाले कोनी वळखत नही. ते इस्वास ठेवतीन."

महिन्याभरानं धुळ्याहून कार्ड आलं. हारुनला बाळबोध वाचता येत नसे, म्हणून झिपरूनं दुकानात बसून वाचून दाखवलं. प्रकृती ठीक आहे, सूनबाई चांगली आहे, गिरणीचा भोंगा आपल्या भोंग्यापेक्षा मोठा आहे पण त्यात मजा नाही. मोटार पाहायला चाळीतली माणसं येतात. दोरीचं सगळ्यांना खरं खरं सांगितलं आणि सगळ्यांना पटलं. आता इथं मला 'दोरीवाला ड्रायव्हर' म्हणतात.

झिपरूनं कार्ड खाली ठेवलं आणि सदऱ्याच्या बाहीनं नाक पुसलं. "देवमाणूस शे," तो म्हणाला. "धुळामा जाईसन बी तुन्ही लाज राखी ऱ्हायना."

हारुननं रंधा बाजूला ठेवला, बिडी पेटवली आणि भिंतीला टेकून आरामात बसला.

"शेवटची ओळ परत वाच," तो म्हणाला.