तिसऱ्या रांगेतली हॅलिगनची जागा

लेस्टर हॅलिगनने रेडिओ स्टेशनला फोन लावला तेव्हा त्याच्या दुसऱ्या हातात दुधाची बाटली होती आणि बाटलीला एक आईविना कोकरू लोंबकळत होतं. माणसाने जाहीर प्रतिज्ञा करायची तर निदान दोन्ही हात मोकळे असताना करावी, असं त्याची बायको नोलीन म्हणाली. पण ती ते नंतर म्हणाली.

झालं होतं असं. मोसम तोंडावर आला असताना वायमोरा प्रांताच्या रग्बी संघाचा कोच जपानला निघून गेला. त्याचा कोणाला राग आला नाही. संघ कित्येक वर्षं हरत होता, आणि हरणाऱ्या संघाच्या कोचलासुद्धा जपानहून बोलावणं येतं याचा लोकांना उलट अभिमान वाटला. वायमोराच्या माणसाला अभिमान वाटायला फार सामग्री लागत नाही. संघाची जर्सी मोहरी आणि शेण यांच्या मधल्या कुठल्यातरी रंगाची आहे, कारण फार पूर्वी लोकरीच्या गिरणीत तेवढाच रंग शिल्लक होता. "हा रंग अख्ख्या न्यूझीलंडमध्ये दुसऱ्या कोणाकडे नाही," असं इथला माणूस छाती काढून सांगतो. ते खरंही आहे. दुसऱ्या कोणी मागितलेलाच नाही.

राग आला तो नव्या कोचचं नाव ऐकून. हेमी पाराता. डोंगरापलीकडच्या ताराकाई प्रांताचा जुना खेळाडू. फार वर्षांपूर्वी, वायमोराच्याच मैदानावर, वायमोरा पुढे असताना, या माणसाने अगदी शेवटच्या क्षणी चेंडू जमिनीवर टप्पा देऊन लाथेने उडवला आणि गोलच्या दोन खांबांमधून पार केला. जिंकणाऱ्या प्रांताकडे राहणारी मानाची ढाल डोंगरापलीकडे गेली ती अजून परत आलेली नाही. तेही एक वेळ पोटात घालता आलं असतं. पण त्यानंतर पाराताने स्टँडकडे वळून डोळा मारला. स्टँडमध्ये त्या दिवशी निम्मा प्रांत बसला होता. तरी डोळा आपल्यालाच मारला गेला, याबद्दल लेस्टरच्या मनात कधीही शंका आली नाही.

"बोला लेस्टर," रेडिओवरचा गॅव्हिन म्हणाला. "नव्या कोचबद्दल काय मत?"

"मत नाही. निर्णय आहे. तो माणूस जोवर वायमोराचा कोच आहे, तोवर मी स्टँडमधल्या माझ्या जागेवर बसणार नाही."

तिसऱ्या रांगेतली, बरोबर मधल्या रेषेसमोरची ती जागा आधी लेस्टरच्या आजोबांची होती, मग वडिलांची, मग लेस्टरची. मधल्या काळात देशात सरकारं बदलली, पुलाचा रस्ता बदलला, तिथला हॅलिगन तेवढा बदलला नाही.

"नक्की ना, लेस्टर? लाइव्ह आहोत आपण."

"म्हणूनच तर फोन केला," लेस्टर म्हणाला आणि कोकराने बाटली ओढून नेली.

गॅव्हिनने ते वाक्य दिवसभर वाजवलं. हवामानाच्या आधी एकदा, मेंढ्यांच्या बाजारभावानंतर एकदा. दुपारी लेस्टर गावात गेला तर रस्त्यात लोक थांबून त्याचा हात हातात घेत होते. खाटीक मॅकफेल काउंटरबाहेर आला. हा मॅकफेल स्टँडमध्ये लेस्टरच्या बरोबर मागे बसतो.

"शाब्बास लेस्टर. याला म्हणतात वायमोराचा माणूस. आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत."

"म्हणजे तूही जागा सोडणार?"

"नाही रे. माझी जागा तुझ्या पाठीशीच आहे ना."

संध्याकाळपर्यंत लेस्टरच्या लक्षात आलं की अख्खा प्रांत त्याच्याबद्दल अभिमानाने फुगला आहे, आणि जागा सोडणारा तो एकटाच आहे. आता मागे फिरणं म्हणजे एकट्याचं हसं नव्हतं. लोकांनी इतक्या कौतुकाने घेतलेला अभिमान परत मागून आणण्यासारखं होतं ते.

त्याने पळवाटा शोधल्या. संघाचे अध्यक्ष अ‍ॅलिस्टर मॅक्लीश यांना फोन करून सहज विचारल्यासारखं विचारलं, "जागेवर बसणार नाही म्हणालो. उभं राहिलं तर?"

"मॅकफेलला दिसणार नाही."

"दुसऱ्या कोणाच्या जागेवर?"

"कोणाच्या? नाव सांग, मी विचारतो." अध्यक्ष थांबले. इथे लोक मेल्यावरही जागा सोडत नाहीत, मुलांच्या नावावर करून जातात. "आणि लेस्टर, आम्ही तुझ्या शब्दाचा मान ठेवलाय बरं का. तुझी जागा रीतसर रिकामी केली. नव्या माणसाला दिलीसुद्धा."

"कोणाला?"

"घरी विचार," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांना अचानक दुसरा फोन आला.

घरी काय विचारायचं हे न कळून लेस्टरने ते विचारायचं पुढे ढकललं. दुसऱ्या दिवशी धुकं होतं, आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता आणि मेंढ्यांना गवत टाकायला नेलेली पिकअप कुरणाच्या उतारावर मागच्या चाकांनी रुतली. लेस्टर चाकांना शिव्या देत होता तेवढ्यात रस्त्याकडून एक आडव्या बांध्याचा माणूस चालत आला. पायात शहरी बूट होते.

"ढकलू का?"

"ढकल." रुतलेल्या गाडीपाशी आलेल्या माणसाला या भागात आधी नाव विचारत नाहीत.

"तुम्ही स्टीअरिंगला बसा. मी सांगेन तेव्हाच रेस द्या." माणूस मागे गेला, गुडघ्यात वाकला, आणखी वाकला. "उंचावरून ढकललं की माणूस पुढे जातो, गाडी नाही. ढुंगण खाली हवं. हं, आता."

चाकांनी अर्धं कुरण त्या माणसाच्या अंगावर उडवलं आणि गाडी बाहेर आली. लेस्टर उतरून मागे आला. माणूस डोक्यापासून बुटांपर्यंत वायमोराच्या जर्सीच्या रंगाचा झाला होता. दात पांढरे होते आणि एक डोळा उघडा होता. दुसरा मिटमिटत होता.

तो डोळा लेस्टरने ओळखला.

"पाराता," तो म्हणाला.

"हो. तुम्हालाच भेटायला आलो होतो, मिस्टर हॅलिगन."

"डोळा का मारतोस?"

"मारत नाहीये. चिखल गेलाय. माझा हा डोळा पहिल्यापासून असाच आहे. कण गेला की आवरत नाही."

"त्या दिवशी? ढाल नेलीस तेव्हा?"

"त्या दिवशी तुमच्या पुढच्या फळीतल्या त्या जाड्याने माझं तोंड चिखलात दाबलं होतं. मॅच संपली तेव्हा मला स्टँड कुठे आहे तेही दिसत नव्हतं."

लेस्टर गाडीला टेकून उभा राहिला. इतकी वर्षं जपलेली गोष्ट अशी चिखलात जाताना बघणं सोपं नसतं. शेवटी तो म्हणाला, "वाईट नाही ढकललंस." पाराता ताराकाईचा असला तरी याच बेटावरचा होता. यापेक्षा मोठी शाबासकी इथे कोणाच्या लग्नातही दिली जात नाही हे त्याला ठाऊक होतं.

नोलीनने पाराताला लेस्टरचा अंघोळीनंतरचा झगा दिला, खुर्चीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि चहाबरोबर खजुराचे स्कोन, म्हणजे घरी भाजलेले छोटे गोड पाव, ठेवले. शत्रू असला तरी घरी आलेला शत्रू होता.

"मग आता येणार ना तुम्ही परत जागेवर?" पाराताने लेस्टरला विचारलं.

"नाही."

"पण डोळ्याचं तर..."

"डोळ्याचं मिटलं. शब्दाचं राहिलं. मी रेडिओवर बोललोय. आणि कारण खोटं निघालं म्हणून शब्द बदलणारा माणूस डोंगरापलीकडे सापडेल, इथे नाही."

पाराताने ते गंभीरपणे ऐकून घेतलं. मग बोलायला काही विषय हवा म्हणून नोलीनकडे वळला. "आणि तुम्ही कुठे बसता, मिसेस हॅलिगन?"

"तिसऱ्या रांगेत," नोलीन म्हणाली. "मधल्या रेषेसमोर."

लेस्टरचा स्कोन चहात पडला.

"तू?"

"अ‍ॅलिस्टरचा फोन आला होता. जागा रिकामी आहे म्हणाला. नाहीतर मॅकफेलचा मेव्हणा टपून बसलाय म्हणाला. मी म्हटलं, द्या."

"तू कधी मॅच बघतेस?"

"तेच तर. लग्न झाल्यापासून स्टँडखालच्या टपरीत तुम्हा लोकांसाठी चीज रोल भाजतेय. इतकी वर्षं मॅच नुसती ऐकली. एकदा बघते कशी असते."

"आणि रोल कोण भाजणार?"

नोलीनने पाराताच्या कपात आणखी चहा ओतला. पाराता खिडकीबाहेर पाहू लागला.

मोसमाआधीचा सराव सामना नेमका ताराकाईशी होता. सराव सामन्याला मैत्रीपूर्ण म्हणण्याची पद्धत आहे, आणि ती पद्धत दोन्ही प्रांतांनी फक्त पोस्टरवर पाळली. अख्खा वायमोरा मोहरी-शेणात न्हाऊन मैदानावर आला. लेस्टर टपरीत एप्रन बांधून उभा होता. ब्रेडला चीज फासायचं, गुंडाळी करायची, तव्यावर ठेवायची, वरून लोणी. काम अवघड नव्हतं, पण नोलीन ते मॅच चालू असताना करायची हे आता त्याच्या ध्यानात येत होतं.

टपरीच्या खिडकीतून मैदानाचा एक कोपराच दिसत होता. तिथे बराच वेळ एक समुद्रपक्षी सोडून काही घडलं नाही. बाकी सगळं डोक्यावरच्या फळ्यांमधून ऐकू यायचं. आधी पायांचे आवाज, मग कण्हणं, मग "अरेरे". वायमोराचं "अरेरे" लेस्टर झोपेतही ओळखतो. मग डोक्यावर बरोबर तिसऱ्या रांगेतून एक आवाज आला.

"रेफरी, तुझ्या आईला कळू दे तू काय बघितलं नाहीस ते."

नोलीन होती. तिच्या तोंडून लेस्टरने आजवर टपालवाल्यालाही वावगा शब्द ऐकला नव्हता. मागोमाग मॅकफेलचा दबका आवाज, "बरोबर आहे, नोलीन, पण जरा हळू," आणि त्यावर नोलीनचं, "तू रोल खा."

सामन्याच्या उत्तरार्धात फळ्यांचा आवाज बदलला. लोक पाय आपटेनात. लेस्टरने खिडकीतून मान बाहेर काढली. पक्षी उडाला आणि कोपऱ्यात पाठी दिसू लागल्या. ताराकाईच्या निळ्या पाठी. उलट्या चालत येणाऱ्या. एकेक पाऊल मागे, आणखी मागे. त्यांच्या पुढ्यात, गुडघ्यांत मोडलेले, जमिनीला नाक लागेल इतके खाली वाकलेले वायमोराचे आठ जण त्यांना रुतलेल्या पिकअपसारखे ढकलत होते.

"ढुंगण खाली," लेस्टर खिडकीतून ओरडला. "आणखी खाली."

सगळा ढीग गोलरेषा ओलांडून कोसळला. चेंडूवर मोहरी-शेणाचा हात होता, आणि तो हात संपूर्ण प्रांतात सगळ्यात जवळून लेस्टर हॅलिगनने पाहिला. मागे तवाभर रोल कोळसा झाले होते. धूर बघून दोघं बादली घेऊन धावत आले. लेस्टरने दोघांना मिठी मारली. त्यातला एक ताराकाईचा होता.

सामना वायमोराने जिंकला. किती गुणांनी हे इथे कोणी विचारत नाही, जिंकला एवढंच सांगतात आणि समोरच्याला बसायला खुर्ची देतात.

संध्याकाळी क्लबात पाय ठेवायला जागा नव्हती. अध्यक्ष टेबलावर चढले.

"मंडळी, आपण पाराताला एकाच मोसमाचं, तेही नुसतं तोंडी बोललो होतो. आज ताराकाईवाल्यांनी त्याला परत बोलावलंय. त्यांचा माणूस दारात उभा आहे." सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दारातल्या माणसाने टोपी काढली. "तो थांबायला तयार आहे, पण तीन वर्षं द्या म्हणतो. सभासदांनी हात वर करून सांगायचंय."

एकही हात वर गेला नाही. सगळे लेस्टरकडे बघत होते.

"अरे, करा की," लेस्टर म्हणाला.

"असं कसं," मॅकफेल म्हणाला. "तो जाईपर्यंत जागेवर बसणार नाही असा तुझा शब्द आहे. आम्ही हात वर केले तर तुझी तीन वर्षं गेली. तुझ्याआधी आम्ही हात वर करणार नाही. इज्जतीचा प्रश्न आहे."

"कोणाच्या?"

"तुझ्या. म्हणजे आमच्या."

दारातल्या माणसाने टोपी परत घातली आणि खिशातून फोन काढला. पाराता भिंतीशी उभा होता. डोळा मिटमिटत होता. लेस्टर एकदम सरळ साधा हिशेब करू लागला. आता नुसतं गप्प राहायचं. पाराता डोंगरापलीकडे जाईल, शब्द सुटेल, पुढच्या शनिवारी तिसरी रांग. कोणी नावं ठेवणार नाही, उलट पाठ थोपटतील. मग त्याला त्या निळ्या पाठी दिसल्या, उलट्या चालत येणाऱ्या.

त्याचा हात वर गेला. कोपरापर्यंत चीज लागलेलं होतं. मग शंभर हात गेले, मग मोजणं अध्यक्षांनीच सोडून दिलं, आणि दारातला माणूस फोन खिशात ठेवून बिअर प्यायला आत आला.

गर्दीतून वाट काढत नोलीन त्याच्यापाशी आली. घसा पार बसला होता.

"तीन वर्षं, लेस्टर."

"हो."

"विचार केला होतास?"

"हात वर गेल्यावर केला."

नोलीनने त्याच्याकडे नीट पाहिलं. लग्नात पाहिलं होतं तसं, किंवा त्याहून जरा जास्त. मग म्हणाली, "ती फळी उजव्या बाजूने टोचते. कशी काय बसलात तिघं तिच्यावर?"

"आम्ही कधी बोललो नाही."

"मी बोलतेय."

रविवारी सकाळी मैदान रिकामं होतं. स्टँडच्या तिसऱ्या रांगेत लेस्टर हॅलिगन रंधा घेऊन फळीसमोर गुडघे टेकून होता. शब्द बसण्याबद्दल होता, गुडघ्यांबद्दल नव्हता, याची त्याने वाटेतच खात्री करून घेतली होती. खालून कुत्र्याला फिरवत मॅकफेल गेला.

"काय चाललंय, लेस्टर?"

"मिसेस हॅलिगनच्या जागेचं काम आहे," लेस्टर म्हणाला आणि छाती काढून रंधा पुढे रेटला.