गाडी अडकेना

गाडी बाळापूरहून तयार होऊन तांड्यावर आली, त्या दिवशी जमनाबाईला तिच्यात चढताच येईना. तिनं पदर खोचला, एक पाय पायरीवर ठेवून दोनदा जोर केला, मग पाय खाली घेतला आणि नवऱ्याकडं पाहिलं.

"हिला शिडी कुठं लावायची?"

"उंच केली म्हनून तर वर आली," धनसिंग म्हणाला. "आजपोतर पावसाळ्यात कधी आली होती का दारापोतर?"

हे मात्र खरं होतं. पिकअप धनसिंगच्या वडिलांनी घेतलेली, वयानं धनसिंगपेक्षा थोडीच लहान. बकऱ्या भरून बाळापूरच्या बाजाराला जायचं, हे तिचं काम. पण तांडा डोंगरावर आणि डांबरी रस्ता पायथ्याशी. मधे एक ओढा, ओढ्यापुढं चिकणमातीचा उभा चढ. पाऊस लागला की पिकअप ओढ्याअलीकडं उभी राहायची आणि बकऱ्या पायी खाली न्याव्या लागायच्या. चिखलानं माखलेली बकरी गिऱ्हाइकाला आजारी वाटते. धनसिंग दरवर्षी तिच्या तब्येतीची खात्री देऊन थकला होता.

बाळापूरच्या नासेर मिस्त्रीनं यावर तोड काढली.

"भाऊ, गाडीला चाकं चार हैत, पन काम मागचे दोनच करून राहिले," तो गाडीखालून बाहेर येत म्हणाला. "पुढचे दोन नुसते संगं फिरून राहिले. त्यांना बी कामाला लावू."

त्यानं लिलावात निघालेल्या एका जीपचा पुढचा एक्सल पैदा केला. एक्सल बसवायचा तर गाडी उंच करणं आलं, म्हणून स्प्रिंगचे जादा पाटे चढवले. उंच गाडीखाली जुने टायर सायकलचे वाटायला लागले, म्हणून जाड खोबणीचे मोठे टायर आणले. ते मडगार्डला घासू लागले, तेव्हा मडगार्ड कापले. एवढी गाडी आता ओढ्यात बेधडक उतरणार, तर इंजिनात पाणी जायला नको, म्हणून हवेचा पाइप टपाच्या वर नेला. धनसिंगला एकाही कामाला नको म्हणता आलं नाही, कारण प्रत्येक काम आधीच्या कामातून निघालेलं होतं.

शेवटी नासेरनं सीटच्या बाजूला एक छोटा दांडा बसवला. तो पुढं लोटला की चारी चाकं ओढायला लागत.

पिकअप खरोखर चढू लागली. तांड्यावर खताची पोती आली, पिठाची चक्की आली, एका म्हातारीला दवाखान्यात नेऊन परतही आणलं. जमनाबाईनं कडब्याच्या पेंढीवर पाय देऊन चढायचं तंत्र बसवलं. सगळं ठीक चाललं होतं, आणि अशातच रस्त्याची पाहणी करायला इंजिनिअर साहेब आले.

रस्त्याची मागणी तांड्याची फार जुनी. तांड्याचा मुखिया थावरा नाईक, त्याच्या चपला बांधकाम कचेरीच्या पायऱ्यांवरच झिजल्या होत्या. म्हणून साहेब येणार म्हटल्यावर त्यानं धनसिंगला गाडी घेऊन खाली पाठवलं. साहेब तरुण, सडपातळ, पायात नवे बूट. ओढा आला तशी त्यांनी दारावरची कडी घट्ट धरली. चढ संपल्यावर ती सोडली आणि म्हणाले, "कमाल आहे." वर त्यांनी चहा घेतला, फोटो काढले. त्यात वाटेचे कमी आणि पिकअपचे जास्त होते.

काही दिवसांनी थावरा नाईक धनसिंगच्या दारात आला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"कचेरीतून फोन आलता. साहेब म्हनले, भर पावसाळ्यात तांड्यापोतर वाहन सुखरूप जाते. रोडची निकड न्हाई."

धनसिंगला आधी बरं वाटलं, आणि मग नाईकाचं तोंड पाहून बरं वाटेनासं झालं.

"तुमीच म्हनले नाईक, साहेबाला तकलीफ होऊ देऊ नको."

"व्हय," नाईक म्हणाला. "थोडी होऊ द्यायची होती."

पुढं नाईकानं कचेरीच्या आणखी फेऱ्या मारल्या आणि फेरपाहणी मिळवली. साहेब पुन्हा त्याच गाडीनं वर येतो म्हणाले होते. तेव्हा तांड्यानं बसून ठरवलं की या वेळी गाडी अडकली पाहिजे.

धनसिंग गाडी घेऊन नासेरकडं गेला.

"पुढचा एक्सल जरा सोडून ठेव. परवापुरता."

"काहून? काय बिघडलं?"

"कायच बिघडंना, तीच तकलीफ हाय."

नासेरनं सगळी हकिगत ऐकून घेतली, हात पुसले आणि मान हलवली. "चालू गाडी बंद कराचं काम आपल्या हातून न्हाई होनार, धनसिंगभाऊ. तू असं कर, दांडाच टाकू नको. नुसत्या मागच्या चाकांवर जाऊन जाऊन जाईल कुठं?"

हे सोपं होतं. पाहणीच्या दिवशी सकाळपासून पावसाची भुरभुर होती, त्यामुळं चढही साथ देणार हे दिसत होतं. जमनाबाईला मात्र या बेतात काही रस नव्हता. त्या दिवशी बाजार होता आणि बकऱ्या विकायच्या होत्या.

"तुमचं अडकनं लवकर उरकून घ्या," तिनं बजावलं.

साहेब पुढं बसले, नाईक साक्षीला म्हणून मागं हौद्यात उभा राहिला. ओढा पार झाला. चढाच्या मध्यावर मागची चाकं जागीच फिरू लागली, चिखलाचा एक मोठा सपकारा नाईकाच्या पांढऱ्या पटक्यावर बसला, आणि गाडी थोडी मागं घसरून थांबली. धनसिंगनं हताश दिसेल असा सुस्कारा टाकला.

"अडकली, साहेब."

"मागच्या वेळी तर गेली होती."

"तवा कशी गेली, देवाला ठावं."

साहेबांनी खाली वाकून पाहिलं. "मागच्या वेळी तुम्ही हा दांडा टाकला होता."

"तो हँडब्रेक हाय."

"हँडब्रेक इकडं आहे." साहेबांचा आवाज एकदम आपुलकीचा झाला. "मी घरी गेल्यावर मोबाइलवर पुष्कळ पाहिलं हो यावर. रात्री झोप नाही आली. थांबा, मी टाकतो."

आणि त्यांनी दांडा पुढं लोटला. आता क्लच दाबल्याशिवाय तो दांडा पडत नसे. साहेबांनीच दांडा टाकला, हे धनसिंगनं पुढं सगळ्या तांड्याला सांगितलं. क्लचवर कुणाचा पाय होता, हे त्यानं सांगितलं नाही आणि कुणाला विचारायचं सुचलंही नाही. चारी चाकांनी चिखल पकडला, गाडी गुरगुरत वर निघाली, आणि आपण हसतोय हे धनसिंगला आरशात दिसलं. त्याच आरशात मागं नाईक दिसत होता. तो हसत नव्हता.

"गाडी तर जाते, नाईक," वर उतरल्यावर साहेब म्हणाले.

नाईक पटका पिळत राहिला. जमलेली माणसं एकेक करून दुसरीकडं बघू लागली. साहेबांना चहा दिला, पण बसा कुणी म्हटलं नाही. त्यांनाही ते जाणवलं असावं, कारण ते कप घेऊन चढ बघायला म्हणून दूर जाऊन उभे राहिले.

परत आले तेव्हा पिकअप बकऱ्यांनी गच्च भरली होती. पुढं जमनाबाई बसली होती. तिच्या मांडीवर एक करडू, आणि पायाशी दुसरं.

"साहेब, गाडी एकच हाय अन् बाजार उठून जाईल," ती म्हणाली.

"मग मी?"

"आमी जातो तसं. पायी."

यात तिचा काही डाव नव्हता. तिला घाई होती, आणि साहेब काही बाजारात विकायचे नव्हते. धनसिंग स्टिअरिंग धरून खाली मान घालून बसला. बायकोनं "चला" म्हटल्यावर त्यानं गाडी काढली.

साहेब नाईकाबरोबर चालत निघाले. खडकावर ठीक होतं. त्या चढावरून उतरायला लागल्यावर ते बोलायचे थांबले. थोड्या वेळानं एकदम खाली बसले, उठले आणि पुन्हा बसले. एक बूट चिखलानं ठेवून घेतला. नाईकानं तो उपसून काढून दिला, पण तो पुन्हा घालण्यात काही अर्थ नव्हता. डोक्यावर पाटी घेतलेल्या दोन बाया त्यांना ओलांडून गेल्या. जाताना एकीनं, कुठं पाय ठेवायचा ते दाखवलं. ओढ्याला पाणी मांडीपर्यंत होतं. नाईकानं साहेबांचा हात धरला आणि दोघं एकमेकांकडं न बघता पलीकडं गेले.

डांबरी रस्त्यावर धनसिंग गाडी थांबवून उभा होता. जमनाबाई कुरकुरत होती, पण साहेबांना तसंच टाकून जायला त्याला जमलं नव्हतं. हौद्यातून बकऱ्या माना काढून बघत होत्या. कोरड्या, स्वच्छ.

साहेब दगडावर बसले. फोनला रेंज आली आणि लगेच कचेरीतून विचारणा झाली. दोन्ही बूट एका हातात धरून ते बोलू लागले.

"हो सर. पाहिलं. वाहन जातं, हो." त्यांनी हातातल्या बुटांकडं पाहिलं. "बकऱ्यांना घेऊन जातं, सर. माणसांना नाही."

नाईकानं पहिल्यांदा मान वर केली.

दिवाळीच्या सुमारास रस्ता मंजूर झाला. आखणी झाली, ओढ्यापासून वरपर्यंत चुन्याच्या खुणा पडल्या आणि नाईकानं तांड्याला गूळ वाटला. त्यानंतर एका दुपारी धनसिंग ऑइल बदलायला नासेरकडं गेला होता, तेव्हा एक जुनाट, गंजलेली पिकअप धूर काढत दुकानासमोर येऊन उभी राहिली. तिच्यातून साहेब उतरले.

"वडिलांची आहे," ते जरा लाजून म्हणाले. "गावाकडं पडून होती. धनसिंगच्या गाडीसारखी होईल का?"

नासेरनं गाडीभोवती चक्कर मारली, वाकून खाली पाहिलं, बोनेटवर थाप मारली. "होईल की. पन साहेब, चालवनार कुठं? तांड्याचा रोड तर आता होऊन राहिला."

"त्याच साइटवर यायचं-जायचं आहे. काम होईपर्यंत."

"मंग त्या हिशोबानं टायर बघतो," नासेर म्हणाला. "काम किती दिवस चालंल?"

साहेबांनी धनसिंगकडं पाहिलं, मग रस्त्याकडं पाहिलं आणि बराच वेळ विचार केला.

"चांगले टिकाऊच टाका," ते म्हणाले.