वाघमारेकाकांची ॲक्शन ठरेना

वाघमारेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी बसत नाहीत. आधी खिडकीची मूठ फिरवतात, मग बाल्कनीच्या दाराची, मग बाथरूमची कडी. डोळे मिटून, मान थोडी कलती, मैफलीला बसल्यासारखे. चार-सहा वेळा उघड-बंद झालं की निकाल लागतो: "थोडा प्ले आहे." म्हणजे कुठेतरी सैल आहे.

आम्ही जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखला राहायला आलो त्या दिवशी वरच्या मजल्यावरून हे गृहस्थ ओळख करून घ्यायला आले आणि बाथरूमच्या कडीत रमले. बाहेर माझ्या सासूबाई ताटकळत उभ्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "अहो, कडी चांगली आहे, आता बाहेर या." काका खिन्न चेहऱ्याने बाहेर आले. कडी चांगली नव्हती.

काका बेअरिंगच्या कारखान्यात. केसाहून बारीक चुका शोधण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे त्यांना सगळीकडेच प्ले दिसतो. माझ्या पोळीच्या कडेत, बर्लिनच्या सरकारात, माझ्या नवऱ्याला मिळालेल्या बढतीच्या आश्वासनात. शेवटच्या ठिकाणी तो होताच.

छंद एकच, नेमबाजी. दर शनिवारी गावाबाहेरच्या फेराइनमध्ये, म्हणजे नेमबाजांच्या क्लबात, कागदी निशाणावर. घरात बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि आडनाव वाघमारे. क्लबातल्या जर्मनांनी आडनावाचा अर्थ विचारला, काकांनी तो खरा सांगून टाकला, आणि तेव्हापासून कुणी ना कुणी वाघाची चौकशी करतं. वास्तविक हा माणूस घरात शिरलेली गांधीलमाशी ग्लासात धरून खाली बागेत सोडून येतो.

मार्क जाऊन युरो आला त्या सुमाराला काकांनी ठरवलं की आता अचूक नेमाची रायफल मनासारखी बांधून घ्यायची. त्यासाठी आधी ॲक्शन निवडायची. ॲक्शन म्हणजे नळीमागचा पोलादी भाग. त्यात बोल्ट मागेपुढे सरकतो, काडतूस आत ढकलतो आणि मूठ खाली पाडली की पक्का बंद होतो. हे मला माहीत आहे ते माझ्या कुकरमुळे. ऐन स्वयंपाकात काकांनी एकदा कुकरचं झाकण उचललं.

"हे बघ, झाकणाला हे कान आहेत ना, तसे बोल्टला असतात. दोन कान असले तर मूठ जास्त उचलावी लागते. तीन असले तर कमी, पण जड जाते. तू काय घेशील?"

"मी डाळ लावीन."

"गेनाऊ, अगदी बरोबर," काका म्हणाले आणि झाकण फिरवत राहिले. त्या दिवशी आम्ही उशिरा जेवलो.

फुटबॉलचा वर्ल्डकप जर्मनीत होऊन गेला तरी ॲक्शन ठरेना. माणसाला स्वस्थता म्हणून नाही. जिन्यात उभं राहून बोलताना बोटं हवेतच मूठ उचलायची. बांबेर्गजवळच्या खेड्यात क्रेमर नावाचा बंदुका बांधणारा कारागीर होता. त्याच्याकडे काकांना मीच गाडीतून न्यायची, कारण काका गाडी चालवत नाहीत. कुठल्याच गिअरबॉक्सवर त्यांचा विश्वास नाही.

एकदा तिथे एक स्वीस ॲक्शन आली होती. काकांनी डोळे मिटले, बोल्ट सरकवला, पुन्हा सरकवला. चेहरा असा खुलला की मला वाटलं, सुटलो. मग त्यांनी क्रेमरना हळूच काही विचारलं. क्रेमरनी मान हलवली. काकांनी ॲक्शन फडक्यावर ठेवून दिली. "नाही."

"अहो काका, प्ले नव्हता ना?"

"नव्हता."

"मग?"

"मग नाही."

माझी अख्खी सुट्टी वाया गेली होती.

मग एप्रिलमध्ये काका घाईघाईने खाली आले. सुजाता येणार होती. सुजाता ही एकुलती एक लेक, म्युनिकला नोकरीला. अंतर दोन-अडीच तासांचं, पण काकू गेल्यापासून तिचं येणं आटलं होतं. आलीच तर दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडायची. फोनवर काका मराठीत, ती जर्मनमध्ये, आणि जर्मनमध्ये 'जा' म्हणजे हो. "जेवलीस का?" "जा, पपा." "थंडी आहे का?" "जा, पपा." संपलं. लहानपणी ती काकांबरोबर क्लबात जायची, मग एकाएकी जायची थांबली.

"ती येईपर्यंत रायफल तयार हवी," काका म्हणाले. "नाहीतर जेवण झाल्यावर आम्ही दोघं करणार काय?"

थट्टा माझ्या जिभेवर होती, पण करवेना.

ॲक्शन ठरली, एकदाची रायफल झाली. आणायला आम्ही दोघं गेलो. क्रेमरनी ती टेबलावर ठेवली आणि मी हादरलेच. बोल्टची मूठ डावीकडे! इतकी वर्षं वाट पाहायला लावून ही चूक? काका तर उजवे. मी क्रेमरना माझ्या मोडक्या जर्मनमध्ये फैलावर घेतलं, काय वाट्टेल ते बोलले. क्रेमर बिचारे काकांकडे बघत राहिले.

"अगं, बरोबर आहे ते," काका म्हणाले. "सुजा डावरी आहे."

गाडीत बसल्यावर ते समोर बघतच बोलले. "लहानपणी तिने डाव्या हातात चमचा घेतला की मी काढून उजव्यात द्यायचो. आमच्याकडे तसंच करतात ना. माझा तो हात सतत तिच्या ताटात. क्लबातही रायफल उजव्याच खांद्याला लावायला लावली. एक दिवस तिने ती खाली ठेवली. मला वाटलं, कंटाळली." मग जरा थांबून म्हणाले, "तो स्वीस माणूस डाव्या हाताची करतच नाही."

मला इतकं भरून आलं की बाहेर पडायचा रस्ता चुकला.

शनिवारी काकांनी मलाही क्लबात ओढलं. आम्ही दोघंच असलो की बोलणं लवकर संपतं, म्हणाले. सुजाता मोबाइलवर गाडीची वेळ बघत होती. वडिलांचं मन मोडायला नको म्हणून बसली, सवयीने रायफल उजव्या खांद्याला लावली आणि उजवा हात मुठीकडे नेला. तिथे मूठ नव्हती. नुसतं गुळगुळीत पोलाद. तिची बोटं तिथेच थांबली. काका छताकडे बघत होते.

"फ्युर मिश?" तिने विचारलं. माझ्यासाठी?

"जा," काका म्हणाले.

तिने रायफल डाव्या खांद्यावर घेतली. मग एकामागून एक गोळ्या झाडल्या. निशाणाच्या कागदावर भोकं कशीही विखुरली होती आणि काका दुर्बिणीला डोळा लावून ती पाहतच राहिले.

निघताना तिने पाठमोरीच, जर्मनमध्ये विचारलं, "पुढच्या शनिवारी हे उघडं असतं का?"

काका डोळे मिटून बोल्ट मागेपुढे सरकवायला लागले. मला त्या क्लबाचं दुसरं काडीचं माहीत नव्हतं, पण काकांचे शनिवार माहीत होते.

"असतं," मी सांगितलं.