चाकपट्टी आणि ओढ्याची वाट यांची हकीकत

“चाकपट्टी मुदतीआधी भर, मग गाडी बाहेर काढ, लोक काय करितात ते पाहू नको,” ऐसे दाजीबा कुंभार अंतकाळी आपले स्त्रीस, तुळजाबाईस, बोलिले, आणि बाईंनी मान हालवून तसे वचन दिले. चाके फिरविणारा जो नारायण त्यास दंडवत घालून तेथूनच लिहितो.

शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर. राज्याचे नाव लिहावे ऐसे मनात नाही. ते राज्यी ज्याचे दारी चाक त्याने सालोसाल चाकपट्टी भरावी ऐसा दंडक होता. तुळजाबाईंची तीनचाकी एकच, तिच्यातून माठ बाजारी जात. सोमवारचा उपास, मंगळवारी देवीस पाणी आणि पाडव्याचे आत पट्टी, हे तिन्ही नेम बाई सारख्याच निष्ठेने पाळीत. शेजारी शिदोबा यांच्या माल वाहण्याच्या गाड्या पाच आणि पट्टी एकीचीही नाही. ते म्हणत, “वहिनी, तुम्ही पट्टी भरता आणि खड्डे खाता. आम्ही पट्टी खातो आणि ओढ्याने जातो.” कारण नाका सडकेवर होता, ओढ्यात नव्हता. शिवाय दर तिसरे साली दरबार थकबाकीदारांस माफी देई, वर शालनारळ देऊन त्यांची समजूत काढी.

मग हुजुरांचे मनात आले की, प्रजा पट्टी का भरते आणि का भरीत नाही याचा शोध घ्यावा. कमाविसदार आबाजीपंत यांस आज्ञा जाहली आणि पंतांनी नाक्यावर तंबू ठोकिला आणि जी जी गाडी आली ती थांबवून पुसिले, आणि जो जो आला त्याने पावती दाखविली, कारण न भरणारा त्या वाटेने येईल कशास? मग पंतांनी लिहिले की, सर्व प्रजा पट्टी भरते, संतोषाने भरते, सबब वाढविण्यास हरकत नाही. हुजूर प्रसन्न जाहले आणि पट्टी दीडपट केली आणि पंतांस सोन्याचे कडे दिले. हे लिहिताना लेखणी मोडून टाकावी ऐसा संताप येतो.

पुढे एके दिवशी नाक्याअलीकडील खड्ड्यात बाईंची गाडी आदळून चौदा माठ फुटले. दाजीबांची गाडी उलटली तोही हाच खड्डा. बाई तंबूत गेल्या. आवाज चढविला नाही, पदर मात्र मुठीत पिळत होत्या.

“पंत, पट्टी कशाची घेता?”

“सडकेची.”

“मग तो खड्डा?”

“आमचे मोटारीस जाड गाद्या आहेत, बाई. आम्हांस लागला नाही, म्हणून लिहिला नाही.”

“ओढ्याने जातात त्यांस पुसलेत?”

“ते थांबत नाहीत. पुसावे कसे?”

“म्हणजे जो थांबतो त्यालाच पिळायचे,” बाई म्हणाल्या. “बरे. पाडव्याआधी पट्टी घेऊन येईन आणि तुम्हांस माझे गाडीत बसवून त्या खड्ड्यावरून नेईन. मांडीवर माठ देईन. न फुटला तर दुप्पट भरीन.”

“वचन?” पंतांनी चेष्टेने पुसिले.

“वचन.”

मग साल सरत आले आणि खड्डा वाढला, आणि फाल्गुनात माफी जाहली आणि पंतांनी आपले हाताने शिदोबांस शाल पांघरविली. शिदोबा शाल झटकीत दारी आले. “वहिनी, आता तरी शहाण्या व्हा.” बाईंनी पट्टीचे पैसे देवापुढे ठेविले होते, ते तीन दिवस उचलिले नाहीत. आपण भरतो म्हणूनच आपणांस बैल समजतात, हे मनात जळत होते. चौथे दिवशी दिवा लावताना दाजीबांचा शब्द आठवला, पंतांस दिला तोही आठवला.

सारांश, ते राज्यी बुडविणारा दरबाराचा पाहुणा आणि भरणारा दरबाराचा बैल, इतकेच वर्तमान. पराभवनाम संवत्सर लागण्याचे आदले दिवशी सकाळी बाईंनी पैसे कमरेस खोचिले, बाजूचे बैठकीवर घोंगडी घडी करून घातली, तीवर नवा माठ काठोकाठ पाण्याने भरून ठेविला, आणि ओढ्याकडे न पाहता सडकेने पंतांचे कचेरीकडे गाडी हळूच काढिली.