रक्त काढण्याचा वर्णानुक्रम

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता वडील खाट क्रमांक अकरावर मांडी घालून बसले होते आणि पिकलेलं फळ चाचपावं तशी स्वतःच्या कोपरातली शीर चाचपत होते.

"माल अजून बरा आहे," ते मुलीला म्हणाले. "उजव्या हाताची घ्यावी. डावीकडे सलाइन चालू आहे. तिकडून काढलं तर रिपोर्ट माझा नाही, बाटलीचा येईल."

मुलगी पन्नाशीला टेकलेली. तिने पुस्तकात बोट घालून "बरं" म्हटलं. त्यांच्यात बोलणं एवढंच असे आणि एवढं पुरे, असा दोघांचाही समज होता.

वडिलांनी याच रुग्णालयात चौतीस वर्षं लोकांचं रक्त काढलं होतं. लोक त्यांना कौतुकाने 'डास' म्हणत. बसला कधी, उठला कधी, पत्ता लागत नाही. निवृत्त होताना त्यांनी एका पाठकोऱ्या कागदावर सात नियम लिहून भिंतीला चिकटवले होते. हात धुवा. नाव रुग्णाच्या तोंडून वदवा. घाबरलेला माणूस कुठल्याही नावाला मान डोलावतो. दंडावरचा पट्टा मिनिटापेक्षा जास्त आवळून ठेवू नका. स्पिरिट वाळू द्या, मगच टोचा. नळी हलकेच उलटीसुलटी करा, ताक घुसळल्यासारखी घुसळू नका. नळीवर चिठ्ठी रक्त काढल्यावर, खाटेपाशीच लावा. आणि सातवा: 'दुखलं का, असं विचारू नये. लोक नाही म्हणतात. पायाची बोटं बघावीत.'

परंतु सात नियमांना मानांकन मिळत नाही. म्हणून रुग्णालयाने अकरा जणांची समिती नेमली. सदस्य निःपक्षपाती असावेत यासाठी, ज्यांनी कधी सुई हातात धरली नाही अशांचीच निवड झाली. समितीने सातांचे एकेचाळीस केले. पण पहिला मान कोणाचा, यावर घोडं अडलं. स्वच्छता विभाग म्हणे, आधी हात. नोंदणी विभाग म्हणे, आधी नाव. तीन बैठका आणि एक फुटलेला पाण्याचा जग, एवढ्यानंतर अध्यक्षांनी तोडगा काढला: सर्व मुद्दे वर्णानुक्रमाने लावावेत. कोणावरही अन्याय नाही. सदस्यांनी बाकं वाजवली, यादी टॅबलेटमध्ये चढली, आणि एक पान पुरं झाल्याशिवाय पुढचं उघडणार नाही, अशी चोख व्यवस्था झाली.

त्या सकाळी डॉक्टरांना वडिलांच्या पोटॅशियमचा आकडा हवा होता. "आकडा आला की औषध सुरू," ते म्हणाले होते. "त्याशिवाय हात लावता येत नाही. आणि उशीर करून चालणार नाही." मुलीने तेवढं पक्कं लक्षात ठेवलं होतं. दुपारच्या आत आकडा.

रक्त घेणारी तरुणी आली, ती वडिलांचीच शिष्या. तिच्या मागे दर्जा निरीक्षक, छातीशी पाटी धरून.

"सर, पहिलं पान. अभिप्राय," शिष्या खालमानेने म्हणाली. "दुखलं का?"

"अगं, अजून टोचलं कुठे?"

"अ पहिला येतो, सर."

वडिलांनी निरीक्षकाकडे पाहिलं, मग 'नाही' दाबलं. ओळख पटली. कापूस दाबून धरून झाला, कशावर ते यादीत नव्हतं. मग पट्टा आला.

"छान बांधलास," वडील म्हणाले. "आता टोच."

"सर, 'पट्टा बांधणे'नंतर 'पट्टा सोडणे' आहे."

"मग टोचायचं कधी?"

"एकोणचाळीसला. पण त्याआधी सदतिसाव्या पानावर 'रक्त काढणे' आहे."

"सुईच्या आधी?"

"र आधी येतो," निरीक्षक प्रथमच बोलले, आणि त्यांच्या आवाजात एक कारुण्य होतं. "आपण सुशिक्षित दिसता."

वडिलांना हसू आवरेना. पोट धरून हसले, इतके की शेजारच्या खाटेवरचे आजोबाही काही न कळता हसू लागले. "आणि हात धुणे सगळ्यात शेवटी! पोरी, म्हणजे टोचून, रक्त सांडून, घरी जाऊन जेवताना धुवायचे!"

सदतिसाव्या पानाने विचारलं: रक्त मिळाले का? मिळालं नव्हतं. कारण निवडा. 'रुग्णाने नकार दिला' म्हटलं तर समुपदेशन होतं, तीन दिवसांचं. 'शीर सापडली नाही' म्हटलं तर शिष्येची चौकशी. तिसरा पर्याय होता 'रुग्ण गैरहजर'. त्याला काहीच जोडावं लागत नव्हतं. शिष्येने डोळे मिटून तो दाबला.

"आण ती सुई," वडील म्हणाले. "माझं मीच काढतो."

"आपल्याला हात लावता येणार नाही," निरीक्षक म्हणाले. "आपण गैरहजर आहात."

ते दोघे गेल्यावर वडिलांनी जुनीच गोष्ट पुन्हा काढली. मुलगी नऊ वर्षांची असताना तापाने फणफणली होती. तिचं रक्त त्यांनीच काढलं. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा त्यांचा हात थरथरला, दोनदा टोचावं लागलं. "तरी म्हणाली, कळलंच नाही! चौतीस वर्षांतली ही माझी मोठी पदवी," ते शेजारच्या आजोबांना म्हणाले. "काय छकुले? दुखलं होतं का?"

"नाही हो बाबा. कळलंच नाही," ती म्हणाली. पन्नासाव्यांदा तरी म्हणाली असेल.

वडिलांनी चादरीबाहेर आलेल्या स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग तिच्या चपलांकडे, आणि विषय बदलला.

दोन वाजता निरीक्षक जेवायला गेले तेव्हा शिष्या चोरपावलांनी आली. हात धुतले, नाव विचारलं, पट्टा बांधला, स्पिरिट वाळू दिलं, टोचलं, पाऊण मिनिटात पट्टा सोडला. वडिलांनी डोळे मिटून "वा" म्हटलं. नळीवर तिने स्वतःच्या हाताने नाव लिहिलं आणि प्रयोगशाळेत धावली. वीस मिनिटांत नळी परत आली. चिठ्ठीवर शेरा होता: 'गैरहजर व्यक्तीचा नमुना स्वीकारता येत नाही. रुग्णाने उपस्थित राहून पुन्हा द्यावा.'

मुलगी नळी घेऊन कार्यालयात गेली. नळी अजून कोमट होती. कारकुनाने ती उजेडात धरून पाहिली आणि कबूल केलं की रक्त ताजं आहे. "पण कुणाचं, ते नोंदीवरून ठरतं." डॉक्टर म्हणाले, आकड्याशिवाय माझे हात बांधलेले आहेत. निरीक्षक म्हणाले, दुरुस्तीसाठी समितीकडे अर्ज करा. समितीची बैठक गुरुवारी होती.

बुधवारी दुपारी जेवणाची गाडी खाट अकरा वगळून पुढे गेली, तेव्हा वडील खरोखरच गैरहजर झाले.

"मृत्यूची नोंद होत नाही, ताई," कारकून म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. "यंत्र घेतच नाही. इथे नसलेल्या माणसाला इथे मरता येत नाही. आधी त्यांना हजर करावं लागेल."

"कसं?"

"सोपं आहे. एकेचाळीस पानं पुरी करायची."

"त्यात नाव सांगावं लागतं."

"स्वतःच्या तोंडाने," कारकुनाने आदराने मान हलवली. "नियम तुमच्या वडिलांचाच आहे."

"ते आता सांगणार नाहीत."

"मग रक्ताच्या नातेवाइकाचा नमुना चालतो. तसं कलम आहे. तो दिलात की ते हजर होतील, मग लगेच मृत्यू, मग तुम्ही त्यांना घरी नेऊ शकता."

रक्तसंकलन कक्षात चौदा जणांची रांग होती. तिच्यासाठी माणसं बाजूला सरली, एवढी माणुसकी अजून वर्णानुक्रमात अडकली नव्हती. भिंतीवर नवं मानांकन चौकटीत लागलं होतं: 'शंभर टक्के वेदनामुक्त रक्तसंकलन'. चौकटीखालून एका पिवळ्या कागदाची कड डोकावत होती आणि तिच्यावर शेवटची ओळ तेवढी वाचता येत होती. अक्षर ओळखीचं होतं.

शिष्येचे डोळे सुजले होते. तिने टॅबलेट पुढे धरला. पान पहिलं. दुखलं का? 'नाही' हिरवं, तळहाताएवढं. 'हो' कोपऱ्यात, राखाडी, तिळाएवढं.

मुलीचं बोट पडद्यावर थांबलं. थांबलं ते थांबलंच.

"ताई, दाबा की 'नाही'," मागून एक बाई म्हणाली. "पोराला शाळेतून आणायचंय मला."

"टोचायच्या आधी कसं दुखेल?" एक गृहस्थ समजावू लागले. "म्हणजे 'नाही'च झालं ना? आम्ही सगळे तेच दाबतो. कुणाला काही त्रास नाही."

तिने खाली पाहिलं. चपलेत तिची बोटं आत वळून घट्ट आवळली होती. मग तिने मागे पाहिलं. चेहऱ्यांकडे नाही, पावलांकडे. चौदा जोड्या, चामड्याच्या, रबराच्या, एक अनवाणी, आणि प्रत्येकीतली बोटं मुठीसारखी मिटलेली. तुमचीही त्यात होती. मागच्या वेळी बाही खाली ओढत, "कळलंसुद्धा नाही हो," असं हसून म्हणालात, ते तुम्हीच.

तिने तिळावर बोट ठेवलं.

टॅबलेट गप्प झाला. एकेचाळीस पानं जागच्या जागी थिजली. दाराशी निरीक्षकाची पाटी खाली पडल्याचा आवाज आला.

"ताई, हे कधी कुणी दाबलंच नव्हतं," शिष्या पडद्याकडे बघत कुजबुजली. "आता ते म्हणतंय, तपशील तोंडी नोंदवा. कधी दुखलं आणि किती वेळा. इथे बोलायचं. स्पष्ट आणि मोठ्याने."

मुलगी टॅबलेटच्या कडेला आवाजासाठी असलेल्या छोट्याशा भोकापाशी वाकली.

"दुखलं होतं, बाबा," ती म्हणाली. "दोन्ही वेळा."