जालिंदरचं निव्वळ वजन

विषय: रात्रपाळीतून दिवसपाळीत बदली मिळणेबाबत.
संदर्भ: अर्जदाराचं पोट.

गोदाकाठच्या एका सहकारी साखर कारखान्यात जालिंदर उसाच्या वजनकाट्यावर कारकून होता. सलग सहा गळीत हंगाम रात्रपाळी करून त्याचं वजन शंभराच्या वर गेलं, तेव्हा कोपरगावच्या डॉक्टर दमयंतीबाईंनी त्याला खडसावलं.

"मॅडम, मी खातो तरी काय? दोन भाकरी!"

"दोष नुसता भाकरीचा नाही. तुमची थायरॉईडची ग्रंथी मंदावलीय. त्यात झोप मोडली की भूक लावणारं संप्रेरक वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं घटतं. ताणानं चरबी नेमकी पोटावर बसते. गोळी चुकवू नका, रोज चाला आणि रात्री झोपा. नाहीतर पुढच्या खेपेला शुगर घेऊन याल."

"शुगर तर आमच्या फॅक्टरीचीच हाय," जालिंदर म्हणाला. बाई हसल्या नाहीत. म्हणून त्यानं अर्ज केला.

कामगार अधिकारी नृसिंहरावांनी तो दोनदा वाचला.

"ही थायरॉईड कारखान्याची सभासद आहे का?"

"न्हाई साहेब. गळ्यात असती."

"मग तिला नोटीस काढता येत नाही."

शेरा: कारण १, ग्रंथी: कार्यक्षेत्राबाहेर. कारण २, झोप: रजेच्या नियमात तरतूद नाही. कारण ३, ताण: कारखान्यात ताण नाही, तसा ठराव झालेला आहे. सबब, अर्जदार जाड आहे किंवा कसे, याची प्रथम खात्री करावी.

डॉक्टरांचा काटा खासगी, म्हणून अग्राह्य. ग्राह्य काटा एकच. दुसऱ्या दिवशी सकाळी, जिथं ट्रॅक्टर उभा राहतो तिथं जालिंदर उभा राहिला. सहा वर्षं तो या काट्याच्या आतल्या बाजूला बसला होता. काट्याची नजर किती अधू आहे, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"नव्वद किलो," नृसिंहरावांनी वाचलं. "त्यातून उसाच्या नियमाप्रमाणे वजावट. बांधणी: कमरेचा पट्टा. पाचट: शर्ट-पँट. माती: चपला. निव्वळ वजन, सत्तर."

"साहेब, परवा डॉक्टरकडं एकशेचार भरलो हुतो!"

"म्हणजे कारखान्याचा काटा खोटा? तसं लिहून दे."

मागं ऊस घेऊन थांबलेली भागूबाई ट्रॉलीजवळून ओरडली, "व्हय रं जालिंदर, खोटा हाय का काटा? माजा ऊस बाहेरच्या काट्यावर वीस टन भरला, हितं साडेअठरा. मला वाटलं, हितल्या हवेनंच समदं बारीक हुतं!"

तिच्या मागच्या चाळीस ट्रॉल्यांवरची माणसं एकेक करून खाली उतरली आणि उत्तराची वाट पाहू लागली.

खोटा म्हणावं तर नोकरी गेली, शिवाय सहा वर्षांचा हिशेब ही माणसं इथंच चुकता करणार. खरा म्हणावं तर रात्रपाळी. जालिंदरनं दीर्घ श्वास घेऊन पोट आत ओढलं.

"काटा बरोबर हाय," तो म्हणाला, आणि वजनाच्या पावतीवर सही केली.

आदेश: अर्जदार सडपातळ असल्याने बदली नामंजूर. सडपातळ माणसास गोळ्यांची गरज नसल्याने त्या बंद कराव्यात. उत्तम प्रकृतीबद्दल त्यास रात्रपाळीचा प्रमुख नेमण्यात येत असून, दहा किलो साखर देऊन त्याचा सत्कार करावा.

प्रत: वाचक, माहितीसाठी व कार्यवाहीसाठी. घरच्या काट्यावर चढताना आपण एक हात भिंतीला टेकवता, याची कार्यालयास कल्पना आहे. हात काढण्याची आवश्यकता नाही. दुसऱ्या हाताने, जालिंदरच्या सहीखाली सही करावी.