डोक्याबाहेरचा आवाज

मल्लेश्वरममधल्या त्या घरात राहायला गेलो, तेव्हा घरमालकांनी मला नमस्कार केला नाही. ते फाटकाशी आले, माझ्या डोक्यावरचे हेडफोन दोन्ही हातांनी अलगद उचलले, उलटे केले आणि परत माझ्या डोक्यावर बसवले.

"डावा उजवीकडं घातला होता तुम्ही," ते म्हणाले. "तबलावाला चुकीच्या बाजूला बसला होता. आता या आत."

माझ्या दोन्ही हातांत बॅगा होत्या, त्यामुळे मी काहीच करू शकलो नाही. आमच्या पुण्यात न्हाव्याखेरीज कुणी परका माणूस आपल्या डोक्याला हात लावत नाही. मी इतका हबकलो की त्यांच्या मागोमाग मुकाट्यानं आत गेलो.

हे सदाशिवराव माने. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते. त्यांचे पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. अण्णांच्या मराठीला त्यामुळे कन्नडची फोडणी आहे. शिवाय शाळा कन्नड झाल्यामुळे ते मराठी बोलतात, पण त्यांना मराठी वाचता येत नाही. त्या भरवशावरच मी हे लिहितोय.

अण्णांची सगळी नोकरी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात, पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेसवर झाली. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, शेअर बाजारात जातात. अण्णा हेडफोनमध्ये गेले. आणि त्यातही त्यांना गाण्याचं काही पडलेलं नव्हतं. राग कुठला, गाणारा कोण, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्यांना हवी होती जागा.

"आवाज डोक्यात कोंडला नाही पायजे," ते म्हणायचे. "डोक्याच्या बाहेर पायजे. स्वल्प लांब. अंगणात बसल्यासारखा."

मी राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी मला खुर्चीत बसवलं, माझ्या कानांवर स्वतःचे मोठे हेडफोन चढवले आणि एक गाणं लावलं. मग समोर उभं राहून विचारलं, "गाणारी बाई कुठं बसलीय?"

"फोनमध्ये," मी म्हणालो.

अण्णांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की नापास झालेल्या मुलाकडेही कुणी तसं पाहत नसेल. "बोट दाखवा. कुठं बसलीय? पुढं, मागं, किती लांब?"

मी अंदाजानं कॅलेंडरकडे बोट दाखवलं. त्यांना आनंद झाला. तेव्हापासून ही परीक्षा दूधवाल्यापासून वीजमीटर वाचायला येणाऱ्यापर्यंत सगळ्यांची व्हायची. दूधवाला हुशार. तो दरवेळी वेगवेगळ्या दिशेला बोट दाखवून मोकळा व्हायचा, आणि अण्णा त्या दिशा गंभीरपणे लक्षात ठेवायचे.

दुसरा धक्का ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसला. मी वरच्या मजल्यावर घरूनच काम करत होतो. एचएसआर लेआउटच्या ऑफिसातली सगळी मंडळी पडद्यावर होती, आणि एकदम घरातली वीजच गेली. खाली धावलो, तर अण्णा मेन स्विचपाशी उभे, कानांवर हेडफोन.

"फ्रिज घुंघुं करतंय," ते शांतपणे म्हणाले. "त्या घुंघुंच्या मागं व्हायोलिन लपलंय. पाच मिनिटं थांबा की."

"अण्णा, माझी मीटिंग चाललीय."

"त्यात व्हायोलिन हाय का?"

मी वर जाऊन अंधारात बसलो.

पण माझे हेडफोन त्यांनी "स्वल्प दुरुस्ती करतो" म्हणून नेले, तो कळस होता. परत आले तेव्हा दोन्ही बाजूंच्या झाकणांना ड्रिलनं भोकं पाडलेली होती आणि कानाच्या गाद्यांखाली मागच्या बाजूनं स्पंजाच्या पाचरी ठोकलेल्या होत्या. मला रडू यायचं बाकी होतं.

"खिडक्या पाडल्या," अण्णा म्हणाले. "बंद खोलीत माणूस गुदमरतो, आवाज न्हाई गुदमरणार? आणि ह्या पाचरीनं आवाज तिरपा येतोय, पुढनं आल्यासारखा. घाला की."

घातले. खोटं कशाला बोलू, भिंत पाडल्यासारखं वाटलं. गाणं माझ्या दोन कानांच्या मधून उठलं आणि समोर जाऊन बसलं. फक्त त्या खिडक्यांमधून ते बाहेरही जात होतं. दुसऱ्या दिवशी मेट्रोत शेजारच्या बाईंनी मला आवाज स्वल्प वाढवायला सांगितला, त्यांना शेवटचं कडवं नीट ऐकू येत नव्हतं.

इथपर्यंत मी सगळं हसण्यावारी नेत होतो. पण एका रविवारी सकाळी मी भाजीबाजारात गेलो, आणि तिथं गर्दीत मला अण्णा दिसले. त्यांच्या काखेत एका बाईचं डोकं होतं.

ते डोकं साडीच्या दुकानातल्या पुतळ्याचं होतं हे कळायला थोडा वेळ लागला. रंगवलेले ओठ, कोरलेल्या भुवया, थंडीचे दिवस म्हणून वर स्कार्फ. आणि दोन्ही बाजूंना कान होते, ते मात्र पुतळ्याचे नव्हते. मऊ रबराचे, अगदी माणसाचे वाटावेत असे, त्यात वाटाण्याएवढे माइक. अण्णा ते डोकं अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या शेंगांच्या, ढिगाऱ्यासमोर धरून शांतपणे उभे होते. शेंगावालीनं डोक्याकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं आणि मापात शेंगा भरायला लागली. तिला सवय झालेली दिसली.

"हे काय आहे अण्णा?" घरी येताना मी विचारलं.

"रेकॉर्डिंग," ते म्हणाले. "आपल्या कानाला ही वळणं असतात, ती उगंच न्हाईत. आवाज पुढनं आला का मागनं, हे त्या वळणांवरनं कळतंय. आणि प्रत्येकाची वळणं वेगळी. दुसऱ्याच्या कानानं ऐकलं तर सगळा बाजार डोक्यात गोळा होऊन बसतो."

"मग हे कान कुणाचे?"

"साकु," अण्णा म्हणाले. म्हणजे पुरे. आणि डोकं स्कार्फमध्ये गुंडाळून आत निघून गेले.

आता मला राग आला, त्याचं कारण सांगायला हवं. अण्णांच्या पत्नी, शांताक्का, दोन वर्षांपूर्वी घसरून पडल्या होत्या. कंबर गेली. तेव्हापासून त्या आतल्या खोलीत अंथरुणावर होत्या. मी त्यांना पडद्याच्या फटीतून एकदोनदाच पाहिलं होतं, भिंतीकडे तोंड केलेलं. आत बायको अशी पडलेली, आणि हा माणूस रबरी कानांचं डोकं काखेत मारून बाजारभर हिंडतो. संध्याकाळी अण्णा जिन्यापाशी भेटले, तेव्हा मी बोलून गेलो. "अण्णा, हा वेळ अक्कांजवळ बसण्यात घालवलात तर त्यांना बरं वाटेल."

ते उजवा गाल पुढे करून ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "सरी." म्हणजे बरं. एवढंच.

त्यानंतर घरातली वीज जायची थांबली. दूधवाल्याची परीक्षा थांबली. रविवारी बाजारात अण्णा दिसले नाहीत, पुढच्या रविवारीही नाहीत. मला वाटलं, चला, एक चांगलं काम झालं.

मग एका सकाळी कामवाली वर आली. अक्कांनी बोलावलंय.

मी पहिल्यांदाच त्या खोलीत गेलो. अण्णा मागच्या अंगणात नळ दुरुस्त करत होते. अक्का उशांना टेकून बसवलेल्या होत्या, डोळे चांगलेच तेज.

"तुम्ही काय सांगितलंत ह्यांना?" त्यांनी सरळ विचारलं. "दोन आठवडे झाले, बाजार न्हाई मला. इथं खुर्ची घेऊन बसतात. दिवसभर बसतात आणि गप्प बसतात. मला वेड लागायची पाळी आली."

"बाजार?"

अक्कांनी केस कानामागे सारले. तो कान मी ओळखला. पाकळीसारखी वळलेली वरची कड, खाली लांबट पाळी. त्या पुतळ्याच्या डोक्यावर मी तोच पाहिला होता.

"दाताच्या डॉक्टरकडनं ठसे घ्यायचा लगदा आणून ह्यांनी माझ्या कानांचे साचे काढले," त्या म्हणाल्या. "आधी मीच ओरडले, डोकं फिरलंय म्हणून. मग पहिल्यांदा ऐकलं. डोळे मिटले, आणि मी बाजारात उभी. पुढं शेंगावाली, मागं रिक्षा, उजव्या हाताला फुलांचा गाडा. दोन वर्षांनी मी घराबाहेर पडले बघा."

"अण्णांनी मला कधी सांगितलं नाही. गाणारी कुठं बसलीय, एवढंच विचारायचे."

"त्यांना स्वतःला ते ऐकू कुठं येतंय?" अक्का म्हणाल्या. "डावा कान पार गेलाय. प्रेसनं घेतला. एका कानानं पुढचं मागचं काही कळत न्हाई. म्हणून जो येईल त्याला बसवून विचारायचे, कुठल्या स्पंजानं आवाज लांब जातोय, कुठल्यानं जवळ येतोय. आपण काय करतोय ते त्यांनी स्वतः कधी ऐकलेलं न्हाई. रेकॉर्डिंगच्या मशीनवरचा दिवा हलला की झालं म्हणतात, आणि माझ्या हातात देतात."

अक्कांनी उशाखालून हेडफोन काढले आणि माझ्यापुढे धरले. "ऐका. तुम्हाला माझ्यासारखं न्हाई येणार ऐकू, कान तुमचे न्हाईत. पण डाव्या बाजूला लक्ष ठेवा."

मी घातले. बाजार खरंच डोक्यात गोळा होऊन बसला. सोप्पु, म्हणजे पालेभाजी, विकणाऱ्या बाईची हाळी, नाण्यांचा आवाज, कुणाची तरी खोकल्याची उबळ. आणि मग डाव्या कानाशी, अगदी जवळ, खालच्या आवाजात अण्णा.

"चिकू आलेत बघ. पण कच्चे हायत, आज नको. ही बाई नवीन, तुला ठाऊक न्हाई. थांब थांब, बस येतेय. जाऊ दे तिला. हं. आता चल. सावकाश."

मी हेडफोन काढले. अक्का खिडकीकडे पाहत होत्या.

"डावा कान गेल्यापासून ते कायम माझ्या डाव्या बाजूनं चालतात. मी त्यांच्या चांगल्या कानाकडं यावी म्हणून," त्या म्हणाल्या. "घरात चाळीस वर्षांत एवढं कधी बोलले न्हाईत. आपलं बोलणं आत येतंय हे त्यांना ठाऊक न्हाई. तुम्ही सांगू नका. कळलं तर लाजून गप्प बसतील, आणि मला बाजारात एकटीनं फिरावं लागेल."

मागच्या अंगणात जाऊन मी अण्णांना एवढंच सांगितलं, की अक्का बाजाराची वाट बघताहेत.

"तिनं सांगितलं?" अण्णांनी विचारलं. हातातला पाना खाली ठेवला. मग बराच वेळ ते हात पुसत राहिले.

रविवारी सकाळी मी वरच्या गॅलरीत उभा होतो. खाली फाटक वाजलं. अण्णा बाहेर पडले, उजव्या हातात ते डोकं. आज स्कार्फ नीट, हनुवटीखाली गाठ मारून बांधलेला. रस्त्याच्या कडेला आल्यावर ते थांबले. एक बस गेली, मागून दोन रिक्षा गेल्या. समोरच्या दुकानदारानं हात केला, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी मान उजवीकडे किंचित वळवली, आणि वरून मला त्यांचे ओठ हलताना दिसले.